लोणच्याचा खार आणि लोणारचं पाणी

पुण्यातून आम्ही रेडिओ गटाच्या सगळ्याजणी बोलतोय. आजचा विषय मिठाचा. पण आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे आम्ही या विषयाकडे कसं वळलो ते कळेल.

आमच्यातल्या सहाजणींचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आम्ही लोणची घालतो, पापड लाटतो. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गिऱ्हाइकानं 40 किलो कैरीचं लोणचं सांगितलं. अट एकच, मीठ अगदी कमी हवं. त्यांच्या घरात दोघांना रक्तदाब होता. एवढी मोठी ऑर्डर, आम्ही लगेच हो म्हणालो. एरवी आम्ही किलोभर फोडींना पाव किलोच्या आसपास मीठ घालतो. त्या वेळी किलोला 80 ग्रॅमच घातलं. तेलसुद्धा बेतानं. बाराव्या दिवशी बरण्या उघडल्या तर वर पांढरी साय धरलेली, कडेनं बुडबुडे, आणि असा उग्र दर्प की झाकण परत लावलं. फोडी बोटानं दाबल्या तर पिठासारख्या. सगळं लोणचं खड्डा खणून पुरलं. कैऱ्या गेल्या, तेल गेलं, मसाला गेला, सहाजणींची आठ दिवसांची मेहनत गेली. गटाच्या वहीत ते नुकसान लाल शाईनं लिहिलेलं अजून आहे.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशींनी विचारलं, "मीठ कमी पडलं म्हणून नासलं, हे मला कळतं गं. पण मीठ पुरेसं असलं की का नासत नाही? मीठ करतं तरी काय?" आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. एवढी वर्षं लोणची घातली, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एकजण म्हणाली, "मिठात जीव जगत नाही, म्हणून." लगेच दुसरी म्हणाली, "मग ते लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना, ते कशानं? जिवांनीच केलं होतं की!"

दोघींचंही म्हणणं खरं होतं. मग आम्ही विचारपूस केली, वाचलं, जाणत्या लोकांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतोय.

आधी मीठ काय करतं ते बघू. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून पातेलं झाकून ठेवलं की सकाळी तळाला पाणी सुटलेलं दिसतं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं तर ती पाणचट होते, म्हणून आपण वाढायच्या वेळी घालतो. कारल्याच्या चकत्या मीठ लावून पिळतो. हे पाणी येतं कुठून? फोडीच्या आतूनच. कैरी काय, कारलं काय, आपलं शरीर काय, सगळं बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी समजा. तिच्या पातळ पडद्यातून पाणी सहज आत-बाहेर करतं, मीठ मात्र तितकं सहज जात नाही. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी तिकडे ओढलं जातं आणि पिशवी सुरकुतते. आत बाहेर सारखं होईपर्यंत हे चालू राहतं.

आता बुरशी किंवा नासवणारे जंतू हेसुद्धा पेशीच आहेत. कित्येकांचा तर सगळा संसारच एका पेशीचा. आपल्या अंगात कोट्यवधी पेशी आहेत, एकीला तहान लागली तर दुसरी पाणी पुरवते. एकपेशीय जिवाला असा शेजार नाही. तो मिठात पडला की त्याच्या आतलं पाणी बाहेर जातं, त्याची कामं थांबतात, वाढ थांबते. भरपूर मिठाच्या लोणच्यात जंतू येतच नाहीत असं नाही. येतात, पण तहानेनं गळून पडून राहतात. मीठ हे विष नाही. ते पाणी तोडतं, एवढंच. मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळालं.

उरलेल्या अर्ध्यासाठी लोणारला जावं लागेल.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. कमळजा देवीच्या दर्शनाला बायका तिथं जातात. गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाशी लवणासुराची कथा जोडलेली आहे. विष्णूनं त्या असुराला मारलं, असं सांगतात. शास्त्राच्या हिशेबानं तिथं आकाशातून अशनी आदळला. काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, हे पुस्तकांत येतं. आपल्या लोकांना ते त्याच्या किती आधीपासून ठाऊक होतं! अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतसुद्धा लोणारचा उल्लेख आहे.

या सरोवरात पाणी येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. पाऊस पडतो, झरे वाहतात, आणि उन्हानं पाणी वाफ होऊन जातं. वाफ जाते ती नुसत्या पाण्याची. विरघळलेलं मीठ आणि सोडा मागे राहतो. आमटी आटली की खारट होते, तसंच. वर्षानुवर्षं असं आटून आटून लोणारचं पाणी खारटही झालं आणि खारंही. खारं म्हणजे सोड्याचं, बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागणारं. मासे, बेडूक अशा जिवांना असं पाणी मानवत नाही. तरीही ते एरवी हिरवं दिसतं, कारण त्यात बारीक शेवाळासारखे जीव दाटलेले असतात.

2020 च्या जून महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, हे हिरवं पाणी एकाएकी गुलाबी झालं. तुम्हाला आठवत असेल, मोबाईलवर फोटो फिरत होते. आमच्याकडे फोन आले. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं कारखान्याचा रंग सोडला, कुणी थेट करोनाशी जोडलं. वन खात्यानं पाण्याचे नमुने घेतले आणि ते नागपूरच्या नीरी संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासायला गेले. ही आघारकर संस्था इथंच, आगरकर रस्त्यावर आहे. कितीदा तिच्यावरून बसनं गेलोय आम्ही, आत काय चालतं ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

संस्थेत नमुना काही काळ स्थिर ठेवला, तर गुलाबी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्यात रंग कालवलेला नव्हता. रंग त्यातल्या जिवांच्या अंगाचा होता. सुरुवातीला वाटलं होतं की ड्युनॅलिएला नावाच्या शेवाळामुळे असं झालं असेल. तपासल्यावर दिसलं ते हॅलोआर्किया. नाव अवघड आहे, आपण त्यांना मीठप्रेमी म्हणू. ते दिसायला जंतूंसारखे, पण कूळ वेगळं, फार जुनं. त्या वर्षी पावसाआधी पाणी बरंच आटलं होतं, ऊन कडक होतं, मीठ आणि सोडा वाढला होता. बाकीच्यांना जे सोसवेना तेच यांना मानवलं आणि यांची पैदास झाली. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झालं, गुलाबी रंग ओसरला. संस्थेनं तसा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे दिला.

आता मुख्य गोष्ट. जे मीठ आमच्या लोणच्यातल्या जंतूंचं पाणी तोडतं, त्यात हे जीव मजेत कसे? आम्हाला वाटलं होतं की मीठ आत शिरू नये म्हणून त्यांची कातडी जाड असेल. तसं नाही. आत बाहेर सारखं झालं की पाणी ओढलं जात नाही, हे मघाशी सांगितलं. तर बाहेर मीठ आहे म्हणून हेही आपल्या पोटात तितकंच मीठ भरून घेतात! फक्त जात बदलतात. खायच्या मिठातलं सोडियम ते सारखं बाहेर हाकलतात आणि त्याच्या जागी पोटॅशियम साठवतात, केळ्यात आणि नारळपाण्यात असतं ते. आतही खारट, बाहेरही खारट, म्हणून पाणी जागच्या जागी राहतं.

पण एवढं मीठ पोटात घेणं सोपं नाही. उकळत्या दुधात मीठ पडलं की काय होतं? दूध फाटतं. दुधातलं प्रथिन गोळा होतं. आपल्या पेशीत जी कामं चालतात ती प्रथिनंच करतात. एवढं मीठ आत गेलं तर आपल्या प्रथिनांचीही अशीच दाणादाण होईल. मीठप्रेमींची प्रथिनं वेगळ्या घडणीची असतात. त्यांच्या अंगावर बाहेरून आम्लाचे कण दाटीनं असतात आणि ते पाण्याला धरून ठेवतात. भोवती पाण्याचं पांघरूण असलं की ती गोळा होत नाहीत. ही घडण पिढ्यान्‌पिढ्या, लाखो वर्षांत झाली. जे टिकले त्यांचीच पिल्लावळ पुढे चालली.

आणि याची किंमतही त्यांना मोजावी लागते. त्यांची प्रथिनं मिठाशिवाय उभीच राहू शकत नाहीत. यातल्या बऱ्याच जणांना समुद्राचं पाणीसुद्धा अळणी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. यांना त्याच्या तिप्पट तरी लागतं, आणि कितीतरी जण पाचपट-सहापट मिठात जास्त खूश असतात. त्यांना विहिरीच्या गोड पाण्यात टाकलं तर पाणी आत घुसतं आणि ते फुटून मरतात. आम्ही हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एकजण म्हणाली, "म्हणजे सवय अशी लागली की आता सुटायची नाही." हसलो सगळ्या, पण म्हणणं तेच आहे.

यामुळेच लोणारची काळजी वाटते. गावचं सांडपाणी आणि जादाचं गोड पाणी सरोवरात गेलं की मीठ पातळ होतं, आणि जे जीव फक्त तिथल्या खाऱ्या पाण्यासाठी घडलेत त्यांना दुसरं घर नाही. हे प्रकरण किती वर्षं न्यायालयात चाललंय. 2020 मध्येच लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या जपायच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं. यादीत नाव आलं म्हणून सांडपाणी आपोआप थांबत नाही, हे तुम्हा गावातल्या बायकांना आम्ही वेगळं काय सांगणार.

त्यांच्या गुलाबी रंगालाही काम आहे. उघड्या, आटलेल्या पाण्यात ऊन जाळतं. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या नात्यातलंच एक तांबडं द्रव्य त्यांच्या अंगात असतं, ते उन्हाचा मारा झेलतं. काहीजण तर उन्हातूनच थोडी ताकद मिळवतात, जशी छपरावरची सोलर पाटी मिळवते. उजनीच्या पाणलोटावर, भिगवणला येणारे रोहित पक्षी गुलाबी असतात तेही अशाच द्रव्यांमुळे. पिल्लू जन्मतं करड्या रंगाचं, गुलाबी होतं ते खाण्यातून.

दुसरी रीत ड्युनॅलिएलाची. हे शेवाळही एकाच पेशीचं, मिठागरांत सापडतं. ते मीठ पोटात घेत नाही. ते आत ग्लिसरीन बनवतं. हो, थंडीत फुटलेल्या ओठांना आपण लावतो तेच ग्लिसरीन. ग्लिसरीननं आतलं पाणी दाट होतं, बाहेरच्या मिठाशी बरोबरी होते, आणि प्रथिनांना काही इजा होत नाही. मीठ वाढलं तर ग्लिसरीन जास्त करायचं, पाऊस पडून मीठ उतरलं तर कमी करायचं. ही रीत महागडी आहे, कारण ग्लिसरीन बनवायला शेवाळाला आपली कमाई खर्चावी लागते. पण मोकळीकही आहे. त्याला कमी मिठातही राहता येतं, जास्तीतही. मीठप्रेमींची रीत स्वस्त पडते, पण त्यात अडकून पडावं लागतं.

मिठागराचं नाव निघालंच आहे, तर उरण-पेणकडच्या मैत्रिणींसाठी थोडं. पाणी आटत आटत मीठ धरायच्या बेतात आलं की मिठागरांतलं पाणी तांबूस होतं. हेच मीठप्रेमी आणि हेच शेवाळ. तांबूस पाणी ऊन जास्त शोषतं, लवकर तापतं आणि लवकर आटतं. खड्याच्या आत अडकलेल्या पाण्याच्या थेंबात हे जीव तगूनही राहतात. त्यांच्यामुळे माणसाला आजार होतो असं दिसलेलं नाही, तेव्हा खडे मीठ टाकून देऊ नका.

पण खारवलेल्या माशांवर हेच जीव नुकसान करतात. मीठ लावलेले बांगडे दमट हवेत पडून राहिले की त्यांच्यावर तांबडा थर येतो, चिकट होतात, वास मारतो. पुष्कळ बायका म्हणतात मीठ कमी पडलं, आणि आणखी मीठ चोळतात. तिथं मीठ कमी पडलेलं नसतं. मीठप्रेमी तर त्या मिठावरच पोसतात, बरेचदा त्या मिठातूनच आलेले असतात. त्यांना रोखायचं तर मासा कडकडीत वाळवा, कोरड्या जागी ठेवा, आणि एकदा माशांना वापरलेलं मीठ पुन्हा वापरू नका.

मग आमच्या लोणच्यात काय झालं? लोणच्यात हे मीठप्रेमी येत नाहीत, आंबट त्यांना सोसत नाही. आमच्या बरणीवरची पांढरी साय यीस्टची असावी, म्हणजे किण्वाची. आणि गंमत बघा, किण्वालाही ड्युनॅलिएलाची रीत येते. बाहेर मीठ वाढलं की तेही आत ग्लिसरीन करतं. पण त्याचा आवाका बेताचा. किलोला 80 ग्रॅम मीठ त्याला सहज सोसलं. पाव किलोच्या मिठात, वर तेलाखाली हवा बंद असताना, आणि कैरीच्या आंबटपणात त्याचं फारसं चाललं नसतं. आपल्या आज्यांनी जे माप बसवलं ते याच हिशेबाचं होतं. पेशी हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, पण किती मिठाला काय टिकतं ते त्यांनी बरण्या नासवून नासवूनच शिकून घेतलं असणार.

ज्या घरात रक्तदाब आहे त्यांना आम्ही आता कमी मिठाचं टिकाऊ लोणचं देत नाही. स्पष्ट सांगतो, ते होत नाही. हवं तर लहान बाटली घालून देतो, लिंबाचा रस जास्त, फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा दिवसांत संपवा. नाहीतर नेहमीचंच लोणचं घ्या आणि एक फोड खा. मोठ्या माणसानं दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चमचाभर, त्यात भाजी, भाकरी, पापड सगळं आलं.

याच विषयातली एक गोष्ट लोणच्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. मीठ पोटात घेऊन जगायची मीठप्रेमींची घडण आपल्या पेशींत नाही. आपल्याला मीठ लागतं, पण मोजकंच. लेकराला जुलाब लागले की आपण साखर-मिठाचं पाणी देतो. घाईत एखादी आई मीठ मुठीनं टाकते, जास्त घातलं तर जास्त गुण येईल म्हणून. उलट होतं. फार खारट पाण्यानं बाळाच्या पेशींतलंच पाणी ओढलं जातं, कैरीच्या फोडीसारखं, आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. दवाखान्यातली ओआरएसची पुडी सगळ्यात चांगली, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम कालवायची. पुडी नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, आपल्या अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, नवीन करा. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, पाणी पिईना, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

गटाच्या बैठकीत हे दाखवायचं असेल तर एक सोपी कृती आहे. बटाट्याच्या सारख्या जाडीच्या चार चकत्या करा. दोन साध्या पाण्याच्या वाटीत टाका, दोन खूप मीठ विरघळवलेल्या पाण्यात. बैठक सुरू होताना ठेवा आणि हिशेब, वह्या, सगळं आटोपल्यावर काढा. साध्या पाण्यातल्या चकत्या ताठ राहतील, मिठातल्या वाकवल्या तर रबरासारख्या वाकतील. मग त्या मऊ चकत्या साध्या पाण्यात टाकून पुढे काय होतं ते बघा आणि आम्हाला कळवा. आमच्याकडे एकदा त्या परत ताठ झाल्या आणि एकदा नाही झाल्या. मावशींचं म्हणणं, दुसऱ्या वेळी आम्ही गप्पांत फार वेळ घालवला.